सॅटर्नवरचा व्हर्चुआ फायटर २ मला अजूनही थक्क करतो

काल रात्री परत सेगाच्या सॅटर्न या जुन्या गेम कन्सोलवर व्हर्चुआ फायटर २ हा फायटिंग गेम लावला आणि दीड तास कधी गेला कळलंच नाही. पहिला व्हर्चुआ फायटर आर्केडला (नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) १९९३ साली आला, सेगातल्या यू सुझुकींच्या टीमचा, आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये जपानात सॅटर्नसोबतच घरी पोचला, पण त्यात पॉलिगॉन (ज्यांनी थ्रीडी आकृती बनते ते सपाट तुकडे) लुकलुकायचे, मधेच गायब व्हायचे, बघून वाईट वाटायचं. मग १९९५ ला सॅटर्नवर दुसरा भाग आला आणि काय सांगू! त्याच्या आर्केड मशीनमधलं मॉडेल २ हे सर्किट बोर्ड सॅटर्नपेक्षा कितीतरी ताकदवान, तरी घरी सेकंदाला ६० फ्रेम, तेही हाय रेझोल्युशनमध्ये. त्यासाठी मागची थ्रीडी दृश्यं काढून सपाट चित्रांचे थर सरकवले, पात्रांच्या अंगावरची प्रकाशछाया पण गेली. शुन डी या पात्राची लढत ज्यावर होते तो तराफा आर्केडला पुलाखालून जायचा, इथे तो पूलच नाही. पण अकिरा या फायटरचा कोपर बसतो तेव्हा टायमिंग जसंच्या तसं, आणि फायटिंग गेममध्ये तेच महत्त्वाचं ना! मला तरी हा सौदा शंभर टक्के पटतो.

टेक्केन या दुसऱ्या फायटिंग गेमचं वेगळं, त्याच्या नामको कंपनीचं सिस्टम ११ हे आर्केड बोर्ड मुळात सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलच्याच हार्डवेअरवर बनलेलं, त्यामुळे घरी आणणं सोपं गेलं, वर लोडिंग होईपर्यंत खेळायला गॅलागा हा नामकोचा जुना गेम दिला, किती प्रेमाने केलंय ते! पण मनापासून सांगतो, माझा जीव सॅटर्नच्याच डिस्कमध्ये अडकलाय, आज रात्री परत त्यातली पाई ही फायटर घेऊन बसणार.