दरपत्रकाचा मॅप: हॅस्केलमध्ये मी चार संध्याकाळी कुठे अडलो

सोलापुरात माझ्या काकांचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे आणि तेथील चादरी व टर्किश टॉवेल यांचे दरपत्रक मी हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये सांभाळतो. मालाचे नाव ही की (शोधण्याची किल्ली) आणि रुपयांतला दर ही व्हॅल्यू, अशा जोड्यांचा संग्रह, एवढाच तो मॅप. हॅस्केलमध्ये मॅप लिहिण्यासाठी खास चिन्हे नाहीत. कंसांतल्या जोड्यांची यादी फ्रॉमलिस्टला, म्हणजे यादीचा मॅप बनवणाऱ्या फंक्शनला, द्यावी लागते. काका पडद्यावर दर तपासायला बसले की त्यांची नजर कंसांतच अडकायची. स्काला या दुसऱ्या भाषेत की आणि व्हॅल्यू यांच्यामध्ये बाण काढला की जोडी तयार होते, आणि तो बाण म्हणजे एक साधी मेथड (फंक्शन) असते. हॅस्केलमध्ये बाण राखीव आहे आणि अपूर्णविरामाने सुरू होणारी चिन्हे कन्स्ट्रक्टरसाठी (नव्या प्रकारची व्हॅल्यू बांधणाऱ्यासाठी) असतात, म्हणून मी =: हे चिन्ह निवडले व डावी-उजवी बाजू घेऊन जोडी परत करणारी त्याची एका ओळीची व्याख्या लिहिली.

पहिल्या बारा नोंदी विनातक्रार कंपाइल झाल्या, म्हणजे प्रोग्रॅम तपासून त्याचे भाषांतर करणाऱ्या कंपायलरने त्या स्वीकारल्या. तेराव्या नोंदीत, पॅकिंगचे चाळीस रुपये वेगळे दिसावेत म्हणून, मी मोठ्या चादरीचा दर ६५० + ४० असा लिहिला आणि कंपायलरने कळवले की स्ट्रिंग (मजकूर) व इंट (पूर्णांक) यांच्या जोडीसाठी नम या क्लासचा इन्स्टन्स नाही, म्हणजे अशा जोडीला संख्येसारखे वागवता येत नाही. जोडीची बेरीज मी कुठे केली होती? मी टाइप सिग्नेचर (व्हॅल्यूंचे प्रकार सांगणारी ओळ) बदलले, चाळीसचा टाइप स्पष्ट लिहिला, इंटच्या जागी इंटिजर हा पूर्णांकांचाच दुसरा टाइप घातला. संदेशातला एक शब्द बदलला, अडचण तशीच राहिली. चौथ्या संध्याकाळी केवळ वैतागून बेरजेभोवती कंस घातले आणि ती नोंद कंपाइल झाली. तेव्हा उलगडा झाला: चिन्हाचा अग्रक्रम सांगितला नाही, तर हॅस्केल त्याला सर्वांत वरचा, म्हणजे ९, देते आणि बेरजेचा अग्रक्रम ६ असतो. त्यामुळे चादर आणि ६५० यांची जोडी आधी बांधली जात होती आणि त्या जोडीत ४० मिळवण्याचा प्रयत्न होत होता. व्याख्येच्या वर ‘इनफिक्स १’ अशी, अग्रक्रम १ ठरवणारी, ओळ घातली आणि सारे कंस काढता आले. शून्य घेऊ नका, कारण फंक्शन लावण्यासाठीचे डॉलरचे चिन्ह त्याच पातळीवर उजवीकडून जुळते आणि दोन्ही एकत्र आली की कंपायलर पुन्हा अडवतो.

नवे चिन्ह करायला शिकवताना ही एक ओळ गाळली जाते, याचा मला अजूनही राग येतो. कंपायलरवर मात्र राग नाही. ही चूक त्याने ग्राहकाच्या बिलापर्यंत पोहोचू दिली नाही.

सुरुवातीला सांगायचे राहिले: ओव्हरलोडेडलिस्ट्स हे भाषेत भर घालणारे एक्स्टेन्शन मी आधी वापरून पाहिले होते. त्याने फ्रॉमलिस्ट हा शब्द लिहावा लागत नाही, पण त्याच फाइलमध्ये थेट लिहिलेल्या यादीची लांबी मोजताना टाइप संदिग्ध ठरू लागला, म्हणून ते बंद केले.

शिवाय एकच की दोनदा आली, तर फ्रॉमलिस्ट काही न बोलता शेवटची व्हॅल्यू ठेवते. आमच्याकडे नॅपकिनचा जुना दर असाच नव्या दरावर बसला होता. आता मी यादीची लांबी आणि मॅपचा आकार ताडून पाहतो. फरक पडला की प्रोग्रॅम तेथेच थांबतो.