नदीकाठचं आमचं गॅदरिंग

मुलं होमस्कूल करतात, म्हणजे शाळेत न जाता घरीच शिकतात, म्हटलं की भारतातले नातेवाईक दोन गोष्टी हमखास विचारतात, परीक्षा कोण घेतं आणि गॅदरिंग वगैरे काही असतं का. पहिल्याचं उत्तर सोपंय. वॉशिंग्टन राज्यात मूल ८ वर्षांचं झालं की दरवर्षी सप्टेंबरमध्ये स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांच्या कचेरीला, एक कागद भरून द्यायचा, ठरलेले ११ विषय शिकवायचे आणि वर्षातून एकदा टेस्ट किंवा टीचरकडून असेसमेंट करून घ्यायची. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र मला मनापासून आवडतं, कारण आमच्या को-ऑपचं, म्हणजे होमस्कूल करणाऱ्या घरांच्या गटाचं, गॅदरिंग दरवर्षी होतं आणि ते होतं सिएटलजवळच्या सॅमामिश नदीच्या काठावर, झाडं लावत, गुडघाभर चिखलात, बहुतेक वेळा पावसात.

तारीख दिवाळीच्या आगेमागे पडते. मुद्दाम नाही हं, इकडे लागवडीचा सीझनच तेव्हा सुरू होतो, उन्हाळा कोरडा असतो आणि ऑक्टोबरपासून जी रिपरिप लागते ती मार्चपर्यंत, त्यामुळे तेव्हा लावलेल्या रोपाला पाणी घालावं लागत नाही आणि उन्हाळ्याआधी त्याची मुळं धरतात. पण आम्हा मराठी घरांना त्यामुळे फराळाचे डबे आणायचं निमित्त मिळतं आणि आता तर चकली नाही आणली तर अमेरिकन आयाच आधी विचारतात. बॉथेल, वुडिनव्हिल, रेडमंड, कर्कलंड असं कुठून कुठून लोक येतात, कुणी क्रॉकपॉटमध्ये चिली आणतं, कुणी हॉट चॉकलेट, आणि मोठा थर्मास भरून आल्याचा चहा आमच्याकडून.

एका वर्षी आईबाबा इकडे आलेले होते आणि बाबांना मी सोबत नेलं. बाबा साताऱ्याकडचे, आयुष्य शेतीत गेलेलं. आल्या आल्या त्यांनी नदीकडे बघून विचारलं, "ही नदी आहे का कॅनॉल गं, इतकी सरळ कशी?" बरोबर ओळखलं होतं त्यांनी. पूर्वी ही नदी दलदलीतून वळणं घेत जायची, मग १९१६ मध्ये जहाजांच्या कालव्यासाठी लेक वॉशिंग्टनची पातळी सुमारे ९ फूट खाली गेली तेव्हा आसपासची बरीच दलदल आटली आणि १९६० च्या दशकात पूर येऊन शेतं बुडतात म्हणून आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सनी, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअरिंग विभागाने, ती खोदून सरळ करून टाकली. काठावरची झाडं गेली, सावली गेली, उन्हाळ्यात पाणी २० डिग्रीच्या वर जातं आणि ते सॅमन माशांना सोसत नाही. त्यातला चिनूक सॅमन १९९९ पासून सरकारच्या संकटग्रस्त यादीत आहे. समुद्रातून अंडी घालायला परत येणारे मासे याच नदीतून वर इसाक्वा क्रीक नावाच्या ओढ्याकडे जातात, त्यांना दुसरी वाटच नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग सावली करायला पाहिजे.

सावली करायची तर आधी ब्लॅकबेरी काढायची. हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात तिला, ल्यूथर बर्बँक नावाच्या माणसाने १८८५ च्या सुमारास ती अमेरिकेत आणली, मूळची आर्मेनिया-इराणकडची, आणि आता अख्खा काठ गिळून बसलीय. नुसत्या फांद्या छाटून काहीच होत नाही, जमिनीत मुठीएवढा गड्डा असतो तो खणून काढला तरच ती मरते. लहान मुलांना हे काम सगळ्यात जास्त आवडतं, कुणाचा गड्डा मोठा यावर तासभर शर्यत चालते आणि काटे लागलेत तरी कुणी रडत नाही.

मग लागवड. इथे मला बाबांचे हात आठवतात. मुलं रोप कुंडीतून उपसून तसंच खड्ड्यात ठेवत होती, बाबांनी एकाचं रोप घेतलं, कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी हळूहळू मोकळी केली, खड्ड्यात पसरली, माती बरोबर खोडाच्या बुडाशी येईल इतकीच लोटली, बुटाने दाबली आणि शेवटी शेंडा धरून हलकेच ओढून दाखवला, हललं नाही पाहिजे. इंग्लिश फारसं बोलले नाहीत पण दहा-बारा पोरं त्यांच्याभोवती बसून बघत होती. वरून लाकडाच्या भुश्याचं कडं घालायचं, मधे खोडाला मोकळी जागा ठेवून, मेदूवड्यासारखं. आणि विलोच्या तर नुसत्या काठ्या खोचायच्या, दोन तृतीयांश जमिनीत, डोळे वरच्या बाजूला. ते बघून बाबा खुश, म्हणाले आमच्या कृष्णेच्या काठी वाळुंज असंच लागतं, त्याचाच भाऊबंद दिसतोय. त्या वर्षी त्यांनी लावलेल्या काठ्या आता माझ्या डोक्याच्या वर गेल्यात, दर दिवाळीला फोटो पाठवते.

आमच्या मुलांना शाळेची इमारत नाही, वर्ग नाही, बाक नाही ज्यावर नाव कोरून ठेवावं. पण हा काठाचा तुकडा त्यांचा आहे, सगळ्यांचा मिळून. आल्या आल्या आधी पळत जाऊन आपापलं झाड शोधायचं, उंची बघायची, मेलं असेल तर का मेलं यावर वाद घालायचा. हे मला कुठल्याही स्टेजवरच्या डान्सपेक्षा मोठं वाटतं, अगदी खरं सांगते. जी मुलं पहिल्या वर्षी आईच्या पाठीवर होती ती आता छोट्यांना फावडं कसं धरायचं ते शिकवतात.

सध्या वाद चालू आहे तो बीव्हरवर, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या, मोठ्या घुशीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर. रात्री येतो आणि दातांनी झाडं कापून नेतो, गेल्या हिवाळ्यात दोन चांगले वाढलेले कॉटनवूड गेले, मुलं अक्षरशः हळहळली. काहींचं म्हणणं सगळ्याला तारेची जाळी लावा, काहींचं म्हणणं बीव्हर तर आपल्या आधीपासून इथला, त्यालाही खायला हवं. मोठ्या पोरांनी खूप चर्चा करून यंदा असं ठरवलंय की जाळी फक्त सीडार आणि कॉटनवूडला लावायची, विलो कापला तरी बुंध्यातून परत फुटतो त्यामुळे तो बीव्हरसाठी मोकळा. मला हे एकदम पटलं. जाळी कापायला कटर कमी पडतात म्हणून ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आणायचेत, आणि लहान साइजचे ग्लोव्हज दरवेळी संपतात, तेही.