जोडीदारांची अदलाबदल: होकाराआधीचं बोलणं

घोळ सहसा त्या रात्री होत नाही. दोन-चार दिवसांनी जोडीदार फोनकडे पाहून हसला, की होतो. म्हणून भेटीनंतर दुसऱ्या जोडप्याशी परस्पर बोलायचं का, हे आधीच आणि शुद्धीत असताना ठरवा. थांबण्याचा एक शब्दही ठरवा. तो उच्चारला की कारण न विचारता दोघांनी निघायचं. ‘तुझ्यासाठी करते’ हा होकार नव्हे, उधारी आहे. भांडणात व्याजासकट वसूल होते. मत्सर उफाळला तर पुढची भेट रद्द. ‘होईल सवय’ म्हणून रेटू नका.

तपासणी चौघांचीही हवी. एचआयव्हीच्या चौथ्या पिढीच्या (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणाऱ्या) प्रयोगशाळा चाचणीतही संसर्ग संबंधानंतर ४५ दिवसांपर्यंत निसटू शकतो. हर्पीस (गुप्तांगावर फोड आणणारा विषाणू) आणि एचपीव्ही (चामखीळ व काही कर्करोगांना कारण ठरणारा विषाणू) तर कंडोमने न झाकलेल्या त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात.