माईंना हवामान विचारायचं होतं

न्यूयॉर्कला जाऊन आलेल्या माणसाने स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याबद्दल लिहावं अशी अपेक्षा असते. तो पाहिला. टाइम्स स्क्वेअर, वॉशिंग्टन, नायगारा, सगळं यथासांग झालं, फोटो ताईच्या फेसबुकवर आहेत. मला लिहायचंय ते पहाटे उठून, टीव्हीच्या एका कार्यक्रमाच्या बाहेर, भर रस्त्यात कठड्याला टेकून काढलेल्या सकाळबद्दल.

हट्ट माईंचा. माई म्हणजे ताईच्या सासूबाई, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीतल्या एडिसनला आलेल्या. मुलगा-सून सकाळी कामाला, नातू पिवळ्या बसने शाळेला, गाडी चालवता येत नाही आणि पायी जाण्यासारखं काहीच नाही. ज्यांनी आईवडिलांना तिकडे नेलंय त्यांना हे सांगायला नको. माईंनी यावर उपाय शोधला तो एनबीसी वाहिनीवरचा ‘टुडे’ हा सकाळचा कार्यक्रम. सकाळी सातला चहाचा कप घेऊन बसायचं. बातम्या अर्ध्यामुर्ध्या कळतात, हवामान मात्र पूर्ण कळतं, कारण त्यात त्यांचा जीव अडकलेला असतो. मे महिना, गव्हाचा चीक काढलेला, मागच्या डेकवर कुरडया घालायच्या. त्यांनी फॅरेनहाइटचंही आपलं गणित बसवलंय: ऐंशीच्या वर असेल तर कुरडई, सत्तर असेल तर सांडग्यांचंसुद्धा नाव काढायचं नाही. १९९६पासून या कार्यक्रमात हवामान सांगणाऱ्या अल रोकर यांना त्या ‘रोकडे’ म्हणतात, आणि घरात आता सगळेच म्हणतात.

तर रोकड्यांना भेटायचं. ताईला सुट्टी नव्हती, जावयांनी, म्हणजे माईंच्या मुलाने, विषयच बदलला, राहिलो मी. बहिणीची सासू, मान सांभाळायचा.

एडिसनहून अंधारातच गाडी पकडली. ज्येष्ठ नागरिक म्हणून माईंना तिकीट सवलतीत मिळालं. त्यावर माईंनी “आपल्या एसटीत पंचाहत्तरीनंतर फुकट आहे” हे शेजारच्या झोपलेल्या माणसाला मराठीतून सांगितलं. पेन स्टेशनवरून हेरल्ड स्क्वेअरपर्यंत चालत आणि तिथून सबवेने ‘४७-५० स्ट्रीट्स रॉकफेलर सेंटर’. वर आलो तेव्हा उजाडलं होतं, पण उंच इमारतींच्या फटीत थंडी साचलेली. माईंनी नऊवारीवर जावयांचं जाड जॅकेट चढवलं होतं.

या कार्यक्रमाला रस्त्यावरच्या बघ्यांचं वेड पहिल्यापासूनचं. १४ जानेवारी १९५२ला तो सुरू झाला तेव्हाही स्टुडिओ याच ४९व्या रस्त्यावर होता, मोठ्या काचांचा, आणि येणारेजाणारे काचेला नाक लावून उभे राहायचे. पुढे १९५३मध्ये लोकांना खेचायला त्यांनी जे. फ्रेड मग्ज नावाचा चिंपांझी आणला. आता कोपऱ्यावरचा ‘स्टुडिओ १ए’ आहे, १९९४पासून. तिथेही काच तीच आणि बाहेर माणसंही तशीच, फक्त हातात पाट्या आलेल्या.

स्टुडिओसमोरच्या कठड्यापाशी सोडायला पैसे पडत नाहीत. पिशव्या तपासतात. माईंच्या पिशवीतला डबा उघडला गेला, मेथीच्या पराठ्यांचा वास दरवळला आणि तपासणाऱ्या बाईंनी काहीतरी छान म्हटलं. एकदा कठड्याशी जागा मिळाली की हलायचं नाही, आणि इथेच माझी या प्रकाराबद्दलची मुख्य तक्रार सुरू होते. तासन्‌तास उभं राहायचं, बसायला काही नाही आणि लघवीला गेलात तर जागा गेली. आमच्या मागे पोहोचलेलं एक कुटुंब तर भलतंच तयारीचं. त्यांनी एक मुलगा पुढे घुसवला, त्याच्या मागून आई, आईच्या मागून एक भलामोठा फलक. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी जात जगभर एकच. मी “एक्स्क्यूज मी” म्हणालो. माई म्हणाल्या, “सरक रे बाळा,” आणि कोपर लावलं. कोपराचा उपयोग झाला.

पाट्या म्हणाल तर वाढदिवस, लग्नाची पन्नाशी, केमोथेरपीचा शेवटचा दिवस, एका शाळेचा अख्खा वाद्यवृंद. मी आदल्या रात्री विचारलं होतं, आपणही पाटी करू या का? “लग्नाघरी जाताना कुणी गळ्यात पाटी अडकवून जातं का,” असा प्रश्न आला. विषय संपला.

सात वाजले आणि काहीच झालं नाही. म्हणजे आत कार्यक्रम सुरू झाला. बाहेर आम्हाला पडद्यावर दिसत होता तो. पहिला अर्धा तास जड बातम्यांचा, त्यात रस्त्यावरच्या आम्हा मंडळींना काम नाही. घरी सोफ्यावर याहून चांगलं दिसतं, हे मान्य करायला मला काही वाटत नाही. लोक कॉफी फुंकत, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, चेहरे पाडून उभे. मग एक कॅमेरावाला बाहेर आला, त्याच्याबरोबरच्या मुलीने हात वर केला आणि ती सगळी गारठलेली माणसं एका क्षणात किंचाळायला लागली. हात खाली, परत शांतता. पन्नाशीच्या पाटीवाल्या आजोबांनी ओरडून झाल्यावर बायकोला विचारलेलं मी ऐकलं, “गोळी घेतलीस ना?” मला हे सगळं खोटं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. पाहुणे आल्यावर आपण घरात आवाज बदलतोच की.

रोकर त्या दिवशी नव्हते. बदली माणूस आला, तरुण, सूट घातलेला, ओव्हरकोट नाही. माईंचं तोंड एवढंसं झालं. तो कठड्याच्या कडेकडेने बोलत आला. कुठे वादळ, कुठे गारपीट, सगळा देश अर्ध्या मिनिटात. मग रोकरनी रूढ केलेलं ते वाक्य, आता बघा तुमच्या भागात काय चाललंय, आणि तो गप्प झाला.

हे घरी बसून कधीच कळत नाही. त्या वाक्यानंतर प्रत्येक गावाचं स्थानिक केंद्र आपापलं हवामान दाखवतं; एडिसनला न्यूयॉर्कच्या चॅनल ४चा माणूस येतो. म्हणजे देशभर घराघरांत आपापला नकाशा चालू, आणि ज्याने तो सुरू करून दिला तो इथे नुसता उभा. त्या अर्ध्या मिनिटात तो हस्तांदोलनं करतो, मोबाइलमध्ये डोकावून फोटो देतो. वाद्यवृंदातल्या पोरांना टाळ्या देत देत तो आमच्यापर्यंत आला. माईंनी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही.

“टुमारो,” माई म्हणाल्या. “एडिसन. सन?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, या गव्हाच्या शेवयांसारखं काहीतरी वाळवतात, उघड्यावर, दिवसभर कडक ऊन लागतं. मला वाटलं हसून पुढे जाईल. तो थांबला. कानातल्या यंत्रावर एक बोट ठेवून, वर आभाळाकडे न बघता, त्याने माईंनाच विचारलं, किती तास लागतात? माईंनी सहा बोटं दाखवली. मग तो म्हणाला, सकाळी लवकर घाला, दुपारी तीननंतर आत घ्या, ढग येणार आहेत. सूटवाला माणूस, समोर कुरडया कधीही न पाहिलेला, पण प्रश्न त्याच्या धंद्यातला होता आणि त्याने उत्तर धंद्यातल्यासारखंच दिलं. कॅमेऱ्याजवळच्या मुलीने बोटं मोजायला सुरुवात केली. तीन, दोन. तो वळला आणि परत देशाशी बोलायला लागला.

“रोकड्यांपेक्षा बरा आहे,” माई म्हणाल्या. आठ वाजताच त्यांनी निघायचं फर्मान काढलं. काम झालं होतं. पराठे आम्ही रॉकफेलर सेंटरच्या बाकावर बसून खाल्ले. समोर ग्रीक पुराणातल्या प्रोमिथियसचा सोनेरी पुतळा, आडवा पडलेला. माईंना तो पडतोय असं वाटत होतं.

संध्याकाळी ताईने रेकॉर्ड केलेला कार्यक्रम लावला. घरातले सगळे टीव्हीसमोर. गर्दी दोनदा दिसली. एकदा तो भलामोठा फलक, एकदा माझा अर्धा कान. मग बदली माणूस आला, वादळ, गारपीट, ते वाक्य, आणि पुढे सगळी स्क्रीनभर न्यू जर्सीचा नकाशा. माईंचा तो अर्धा मिनिट त्यांच्याच घरी दिसला नाही. ताई हळहळली, जावई हसले.

माई चष्मा पुसून नकाशाकडे बघत होत्या. “थांबा, आवाज वाढवा,” त्या म्हणाल्या. “बघ, हासुद्धा तीनच म्हणतोय.”