बर्लिनच्या वकिलातीत मुखत्यारपत्र: सुरुवात पुण्यातून करा

कोथरूडचा फ्लॅट भावाच्या आणि माझ्या नावावर आहे आणि मी राहते लाइपझिगला. विक्रीच्या सह्यांसाठी पुण्याला जाणं जमणार नव्हतं, म्हणून भावाला मुखत्यारपत्र (माझ्या वतीनं सह्या करण्याचा लेखी अधिकार, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) द्यायचं ठरलं आणि त्यासाठी बर्लिनच्या भारतीय वकिलातीत जाऊन आले. हेच काम करणाऱ्यांना कळकळीनं सांगते, अपॉइंटमेंट घेण्याआधी पुण्यातल्या वकिलाशी बोला. शिक्का बर्लिनला मिळतो, पण तो कागद टिकायला हवा पुण्यातल्या दुय्यम निबंधकापुढे, म्हणजे विक्रीचा दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे.

मसुदा वकिलाकडूनच घ्या. इंटरनेटवरचे ‘सर्व अधिकार दिले आहेत’ छापाचे तयार नमुने मला धोक्याचे वाटतात. फ्लॅटचं वर्णन इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा) प्रमाणे, सिटी सर्व्हे नंबरासकट हवं. विक्रीच्या दस्तावर सही करणं, तो नोंदणीसाठी सादर करणं आणि दस्त केल्याची निबंधकापुढे कबुली देणं, हे तिन्ही अधिकार स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. फ्लॅटच्या कागदांवर माझं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, म्हणून मसुद्यात दोन्ही नावं घातली आणि विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवलं. बायकांनी ही गोष्ट आधीच तपासावी.

इथल्या जर्मन नोटरीकडून का नाही, असं बरेच जण विचारतात. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 33 नुसार परदेशातल्या माणसाचं मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वाणिज्यदूत यांपैकी कुणापुढेही होऊ शकतं. पण भारत 2005 मध्ये अपोस्टिल करारात (एका देशाचा प्रमाणित कागद दुसऱ्या देशात एकाच शिक्क्यावर चालावा यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) आला तेव्हा जर्मनीनं हरकत घेतली. त्यामुळे अपोस्टिलचा सोपा रस्ता नाही आणि नोटरीचा कागद आधी जर्मन न्यायालयाकडून, मग पुन्हा वकिलातीकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. त्यापेक्षा थेट वकिलातीतल्या अधिकाऱ्यापुढे सही केलेली बरी.

लाइपझिगहून आयसीई या जलद गाडीनं बर्लिन झ्युडक्रॉइत्स स्टेशन, तिथून एस-बान या लोकलनं पोट्सडामर प्लात्झ आणि पुढे टियरगार्टन बागेच्या कडेनं चालत पंधरा-वीस मिनिटं. टियरगार्टनश्ट्रासे 17, लाल वालुकाश्माची इमारत, शेजारी दक्षिण आफ्रिकेची वकिलात. सुरक्षा तपासणी असते, मोठी बॅग नेऊ नका. निघण्याआधी सुट्ट्यांची यादी बघा, कारण भारतीय आणि जर्मन, दोन्हीकडच्या सणांना कार्यालय बंद असतं. जर्मनीत म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग इथेही आपले वाणिज्य दूतावास आहेत. तुमचं राज्य कुणाच्या हद्दीत येतं, कुठलं काम बाहेरच्या सेवा केंद्रातून होतं आणि शुल्क कसं भरायचं, हे त्या वेळी संकेतस्थळावरच पाहावं. हे नियम बदलत राहतात.

पासपोर्ट, राहण्याचा परवाना, पत्त्याची नोंदणी, भावाच्या आधारची प्रत, फोटो आणि सगळ्याच्या जादा झेरॉक्स घेऊन जा. साक्षीदार लागत असतील तर त्यांचेही पासपोर्ट हवेत. आणि घरून सही करून अजिबात जाऊ नका! सही अधिकाऱ्यासमोरच करायची असते, तिलाच ते साक्षांकित करतात. मसुदा साध्या कागदावर चालतो, भारतातून स्टॅम्प पेपर मागवण्याची गरज नाही.

खरी घाई कागद भारतात पोचल्यावर सुरू होते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे परदेशात केलेल्या दस्तावर तो महाराष्ट्रात पहिल्यांदा पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कुरिअरचं पाकीट आणि पावती भावानं जपून ठेवली, कारण पोचल्याची तारीख त्यावरूनच दाखवता येते. मग त्यानं मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन शुल्क ठरवून घेतलं आणि भरलं. विक्रीच्या दिवशी त्याला आणखी एक घोषणापत्र द्यावं लागेल, की मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि ते देणारी व्यक्ती हयात आहे. म्हणून त्या दिवशी फोन हाताशी ठेवा, निबंधक कार्यालयातून घरच्यांचा फोन येऊ शकतो.