समासातले प्रश्न

सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत शाळेच्या निकालांबद्दल, खेळाच्या मैदानाबद्दल पुष्कळजण लिहितील. मी कथा लिहिते, म्हणून मला लिहिण्याच्या भीतीबद्दल बोलायचं आहे. आज आपल्या शाळेत बाकावर बसलेल्या एखाद्या मुलीला ती नक्की वाटत असणार.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. घरात तेलुगू, गल्लीत कानडी आणि दखनी, शाळेत मराठी. अम्मा विड्या वळायची, नाना यंत्रमागावर. पुस्तकं लिहिणारी माणसं निराळी असतात, त्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं आणि दारात प्राजक्त असतो, असं मला आठवीपर्यंत ठाम वाटायचं. त्यामुळे माझ्या निबंधांतही प्राजक्तच फुलायचा.

मराठीच्या सरांनी एकदा तसा निबंध वाचून शांतपणे विचारलं, "तुझे वडील मागावर आहेत ना? चादर कशी विणतात गं? मला समजेल असं लिहून आण." सर मूळचे कोकणातले, त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. मार्कांसाठी लिहिणं वेगळं आणि जाणून घ्यायची इच्छा असलेल्या माणसासाठी लिहिणं वेगळं, हे मला त्या दिवसात कळलं. मी आडव्या धाग्याच्या कांड्या भरण्याबद्दल लिहिलं, ताण्याचं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढवण्याबद्दल लिहिलं, जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांबद्दल लिहिलं, ज्यांच्या क्रमाने चादरीवर नक्षी उठते. कारखान्यातल्या आवाजामुळे घरीही मोठ्याने बोलणारे नाना लिहिले.

वही परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने प्रश्न होते. पुठ्ठ्याला भोक नसेल तिथे काय होतं? इतक्या खडखडाटात धागा तुटलेला कसा कळतो? घरी आल्यावर नानांचं पहिलं वाक्य काय असतं, आणि कुठल्या भाषेत?

शेवटच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले. उत्तर मला येत होतं. आमच्या भागातल्या कुठल्या बाईने कुठल्या क्षणी भाषा बदलली, हे मला न ठरवता ऐकू यायचं. विड्या तपासणारा समोर आला की बायका मराठीत बोलायच्या, तो वळला की तेलुगूत. माझे कान ही माझी जमेची बाजू आहे, हे सरांनी कधी सांगितलं नाही. प्रश्न विचारत राहिले आणि ते मलाच सापडू दिलं. कौतुकाने मला एवढा धीर आला नसता, असं आज वाटतं.

माझी मराठी शुद्ध नाही, ही शंका तरीही जाईना. त्यावर सर म्हणाले, "शंका वाक्यावर घे, स्वतःवर नको." ते मला नानांमुळे लगेच पटलं. ताण्यातला धागा तुटला की ते माग थांबवून गाठ मारायचे आणि पुन्हा चालू करायचे. माग मोडायला कोणी निघत नसे.

पुढे २००६ साली सोलापूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते मारुती चितमपल्ली, सोलापुरातच जन्मलेले, घरची भाषा तेलुगू. वनखात्याच्या नोकरीत जे जंगल पाहिलं, ज्या आदिवासींकडून पक्षी-प्राण्यांची नावं ऐकली, ते त्यांनी मराठीत आणलं. मंडपात बसून मी अम्माचा विचार करत होते. विड्या वळताना तिच्या सुपाभोवती ऐकलेलं सगळं मराठीत येऊ शकतं, याची मला तिथे पुन्हा एकदा खात्री पटली.

आजही नवी कथा सुरू करताना हात अडतो. मग मी समास मोठा सोडते आणि सरांसारखे प्रश्न पेन्सिलीने लिहिते. ज्या प्रश्नाचं उत्तर फक्त मलाच ठाऊक असतं, तिथून कथा पुढे सरकते.

शाळेकडे एक मागणं आहे. आपलं वार्षिक हस्तलिखित बरीच वर्षं बंद आहे, ते या वर्षापासून पुन्हा सुरू करावं. मुलांना घरातल्या कामाबद्दल लिहायला सांगावं, शेरे मारण्याआधी प्रश्न विचारावेत. वह्या वाचायला माणूस हवा असेल, तर शनिवारी सकाळी मी येईन.