तुम्ही विचारलंत म्हणून: ३५ इंची टायर काढून ३३ इंची का लावले

"एवढे भारी टायर होते, काढलेस कशाला? आणि टायर काढलेस तर लेव्हलिंग किट का ठेवलंयस?" माझी पिकअप बघितली की हे येतंच, आणि पाठोपाठ "घाबरलास वाटतं". दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देतो आणि समोरच्याला ते पटलेलं नाही हे चेहऱ्यावरच दिसतं, म्हणून आता एकदाच नीट लिहितो.

दिसण्यासाठीच केलं होतं, हे आधी मान्य. गाडीचं नाक, म्हणजे पुढचा भाग, कंपनीतूनच खाली का ठेवतात हे मला तेव्हाही माहीत होतं, हौद्यात माल पडला की मागचं बसतं आणि गाडी सरळ होते. पण रिकामी उभी असली की ते झुकलेलं नाक मला बघवायचं नाही. मग पुढचं उचलून मागच्या बरोबरीला आणणारं २.५ इंचाचं लेव्हलिंग किट, म्हणजे स्ट्रटच्या (पुढच्या स्प्रिंग आणि शॉकअबच्या जोडीच्या) वर बसणारे स्पेसर, जाड चकत्याच. टायर ३१५/७०आर१७, ज्याला सगळे ३५ म्हणतात पण हिशोब केला तर व्यास ३४.४ इंचच येतो. आणि रिम नवीन, मूळ ऑफसेट (रिम जिथे बोल्टने बसते ती जागा रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते माप, मिलिमीटरमध्ये) +३० होता तो शून्य केला, म्हणजे प्रत्येक चाक ३० मिलिमीटर बाहेर आलं. फिटिंग झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फुल लॉक करून बघितलं, कुठेही घासलं नाही. मोकळ्या सपाट जागेत बघितलं, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

किट गाडी उभी असताना जागा देतं. स्प्रिंग पूर्ण दबलं की चाकाला आणखी वर येऊ न देणारा रबरी ठोकळा, बंप स्टॉप, जिथे होता तिथेच असतो, चाक जवळपास पूर्वीइतकंच वर येतं, फक्त आता त्या जागेत ७० मिलिमीटर जास्त व्यासाचा टायर असतो. आणि रिम बाहेर काढली की वळताना टायरचा मागचा कोपरा मोठा गोल घेऊन मागे येतो, सरळ कॅबिनच्या बॉडी माउंटकडे, म्हणजे कॅबिन चासीवर जिथे बसते त्या लोखंडी ब्रॅकेटकडे. हे कोणी सांगितलं नव्हतं असं मी बरेच दिवस म्हणत होतो. खरं तर एकाने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

बहिणीचं सामान हलवायचं होतं. हौदा अर्धा भरलेला, शेजारी आई, घाटाचा उतार आणि नुकताच पाऊस पडून गेलेला. डावीकडचं हेअरपिन वळण, मी ब्रेक दाबलेला, स्टिअरिंग जवळजवळ फुल लॉकला. वळणाच्या आतल्या कडेला गटार खचलेलं होतं, डावं चाक त्यात उतरलं आणि पलीकडच्या कडेवर आदळून वर आलं. आधी प्लास्टिक फाटल्यासारखा आवाज, मग एक ठाप, आणि स्टिअरिंगला असा झटका बसला की ते माझ्या हातातून थोडं उलटं फिरलं. गाडी वळलीच नाही पुरेशी. नाक समोरच्या लेनमध्ये गेलं आणि खालून एक मोटरसायकलवाला वर येत होता. दोघांनीही ब्रेक मारले. तो माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर पाय टेकून उभा राहिला, काहीच बोलला नाही, नुसतं बघत राहिला, मग कडेने निघून गेला. आईचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते. ती एवढंच म्हणाली, "जरा थांब रे."

खाली उतरून बघितलं. फेंडर लायनरचा, म्हणजे चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराचा, मागचा तुकडा आत ओढला गेला होता. टायरच्या आतल्या खांद्यावरचे नक्षीचे तीन रबरी ब्लॉक सुरीने कापावे तसे कापले गेले होते, त्यातल्या एका फटीत माझं बोटाचं पेर गेलं. बॉडी माउंटच्या कडेचा रंग उडून लोखंड चमकत होतं. स्टेपनी मूळ मापाची, कारण ३५ स्टेपनीच्या जागेत बसतच नाही. ती डाव्या बाजूला लावली, तो कोपरा ३५ मिलिमीटर खाली, आणि टू व्हील ड्राइव्हवर हळूहळू घरी आलो. तेवढ्या वेळात आई एक शब्द बोलली नाही.

तर घाबरलो का? हो, घाबरलो. आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण काढले ते फक्त भीतीने नाही. ३५ वर स्पीडोमीटर १०० दाखवायचा तेव्हा खरा वेग जवळपास १०९ असायचा. माल भरला की मागचं बसायचं, नाक वर, आणि समोरून येणारे सारखे लाइट मारून सांगायचे की डोळ्यांवर येतंय. सीव्हीचा, म्हणजे पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या जॉइंटचा, कोन इतका तिरका झाला होता की एका रबरी बूटच्या घडीत चीर दिसायला लागली होती.

आता २८५/७०आर१७ आहेत, ज्यांना ३३ म्हणतात, व्यास ३२.७ इंच, मूळ रिमवर. किट २.५ काढून १.५ लावलं, म्हणजे नाक अजून जरासं खाली राहतं आणि माल भरल्यावर गाडी सरळ दिसते. अलाइनमेंट नव्याने केलं, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) जेवढा मिळाला तेवढा घेतला, हेडलाइट खाली करून घेतले. आणि या वेळी एक पुढचं चाक रॅम्पवर चढवून, सस्पेन्शन दाबून, फुल लॉकला पुढे मागे करून बघितलं, डावं उजवं दोन्ही. कोणी मला विचारलं तर मी हेच सांगतो, आधी किती माल नेणार ते ठरवा, मग टायर, मग रिमचा ऑफसेट, आणि किट सगळ्यात शेवटी. मी बरोबर उलटं केलं होतं.

तरी पूर्वीचा मी गप्प बसत नाही. तो म्हणतो, बॉडी माउंटची कडा कापून प्लेट वेल्ड केली असती, मूळ ऑफसेटच्या रिम ठेवल्या असत्या तर ३५ सुद्धा राहिले असते, लोक चालवतातच की. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण त्या ब्रॅकेटला ग्राइंडर लावायला माझा हात धजावत नाही. आणि मागच्या डिफरन्शियलखाली, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याखाली, जागा देतो तो टायरच, किट नाही. ३५ ने तिथे ३५ मिलिमीटर मिळाले होते, ३३ ने फक्त १४ मिळतात. मागच्या महिन्यात एका दगडावर डिफरन्शियल खरवडलं तेव्हा ते २१ मिलिमीटर आठवले. चांगले राहिलेले तिन्ही टायर अजून शेडमध्ये उभे आहेत. विकणार का, असं दोघांनी विचारलं, त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.